आत वजा

माळ्यावर, टेबलफॅनच्या खोक्यात तो मिळाला.
शिरीमामाने बहरीनहून आणलेला व्हिडिओ गेम,
एके काळी पांढरा, आता
पान खाणाऱ्याच्या खालच्या दातांच्या रंगाचा.
दोन्ही रिमोट शाबूत, वायरी गुंडाळून
वर सुदिनने मारलेली सायकलच्या ट्यूबची रबरं.
अडॅप्टर मात्र नाही.
म्हणजे आहे,
पण खाऱ्या वाऱ्याने त्याची पितळी टोकं हिरवी करून खाल्लीत
आणि आत काहीतरी सुटं वाजतं,
सुक्या कोकमातल्या बीसारखं.

सुदिनला फोन केला. तो म्हणाला,
अगं, तेच गेम मोबाइलवर फुकट मिळतात.
मी म्हटलं, हो.
आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातून
अर्धी रजा टाकून कुडाळची एसटी धरली.

पहिल्या दुकानात सगळे चार्जर एकाच तोंडाचे.
दुसऱ्याने बारा व्होल्टचा काढला, म्हणाला,
चालेल हो, थोडंसंच जास्त.
तिसऱ्याच्या मुलाने यंत्र उलटं केलं, सुलटं केलं,
मला विचारलं, मॅडम, ह्याला वायफाय कुठून?
परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर.
शेजारच्या बाई म्हणाल्या, काय, मिक्सर?
मी मान डोलावली.
खरं सांगायला घेतलं असतं
तर कट्टा येईपर्यंत संपलं नसतं.

भरडावर तातू मयेकर बसतो,
ट्रॉलरवरची मासे शोधायची यंत्रं उघडून.
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
पाठीवरची नखाएवढी खूण दाखवली:
एक टिंब, आणि त्याला कवेत घेणारा अर्धा गोल.
"ह्येचो वजा मदी आसा, अधिक भायर.
दुसऱ्यांच्या उलटो.
आणि नव व्होल्ट म्हंजे नव.
दर्याक उधाण चलता, ह्येका चलना नाय."
उलटा लावला तर?
"मगे तुझो गेम नाय. नुसतो वास."

त्याने पत्र्याचा डबा जमिनीवर ओतला.
कॉर्डलेस फोनचा, दाढीच्या मशीनचा,
कुण्या डॉक्टरच्या बीपी बघायच्या डबीचा,
एकमेकांत गुंतलेले, जाळ्यात आलेल्या वाळंजांसारखे.
तो एकेकाची शेपटी चष्म्याजवळ नेऊन बघत होता,
आणि मी उगीचच मनात
माझ्या ओळखीची माणसं तशी बघत होते.
वजा आत, अधिक बाहेर.
माझी आत्या. आमचा मॅनेजर. मी, बहुतेक.
एकही निघाला नाही.
मग डबा भरता भरता तातू थांबला:
"पास्कूकडे जा गो. तेच्या कॅसियोचो असोच आसा."

पास्कोल रॉड्रिग्ज पडवीत सुरमईचे खवले काढत होता.
हात धुऊन आत गेला,
टॉवेलात गुंडाळलेला काळा ठोकळा घेऊन आला,
वीट असावी तसा जड.
"शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस. सहाच्या आत पायजे."
मी पायरी उतरले तेव्हा मागून विचारलं,
"त्यात रणगाडे होते काय?"
होते.
"दोघांनी खेळायचे?"

तीन रात्री.
त्याचा रणगाडा पिवळा, माझा हिरवा,
विटांच्या आड राखायचं ते घर एकच.
त्याची बोटं वेगवान, पण सवय चर्चची,
गोळीसुद्धा तालात झाडायचा.
मी दोनदा त्यालाच मारलं.
आई म्हणाली, आवाज कमी करा,
आणि स्वतः खुर्ची पुढे ओढून बसली.
ठोकळा तापायचा, गुणगुणायचा,
दर अर्ध्या तासाने मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बघत होते,
ताप आलेल्या पोराचा बघावा तसा.

शनिवारी पावणेसहाला नेऊन दिला.
अजून ऊन होता. पास्कूने गालाला लावून पाहिला.
"कितव्या लेव्हलला थांबलीस?"
सतराव्या.
पण ती आता कुठेच नाही.
बटण बंद केलं की ते यंत्र सगळं विसरतं,
त्याच्यात ठेवायला जागाच नाही.
पास्कूने टॉवेल नीट घडी केला, कॅसियोची वायर सोडवली,
एक सूर दाबून बघितला. लागला.
"रविवारी," तो म्हणाला, "मिस्सा नवाक सुटता."